कुसुमताईंच्या बारा बाटल्या

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काचेची भांडी धुण्याचं काम कुसुमताई करतात. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' असा आहे. माहेर लातूरकडे, औशाजवळचं. लग्न होऊन दिघीला आल्या त्याला चोवीस वर्षं झाली, तरी 'काय करायलात मॅडम?' हे त्यांचं विचारणं काही बदललेलं नाही. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. दुपारचा डबा आम्ही दोघी बरोबर खातो, त्यामुळे गेल्या वर्षी त्यांच्यावर जे गुदरलं त्यातलं थोडं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि बाकीचं त्यांनी मला नंतर सांगितलं. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लिहा, पण मला हुशार करून लिहू नका."

कुसुमताई दहावी शिकलेल्या. तेरा वर्षांपूर्वी लॅबमध्ये लागल्या तेव्हा तिथे अण्णासाहेब नावाचे निवृत्तीला आलेले परिचर होते. त्यांनी यांना सगळं काम हाताला धरून शिकवलं. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. कुठल्या बाटलीचं झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं. आणि काच खरोखर स्वच्छ झाली हे कसं ओळखायचं. स्वच्छ काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरतं. कुठे थेंब अडकून राहिला तर भांडं परत धुवायचं. कुसुमताईंनी हे इतकं मनावर घेतलं की घरचे पाणी प्यायचे पेलेसुद्धा त्या खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघतात.

इतक्या वर्षांत त्यांच्या हातून किती हजार भांडी गेली असतील कोण जाणे. पण ती कशासाठी लागतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बीकर धुवा, ब्युरेट लावा, बाकं पुसा, एवढंच. ते पहिल्यांदा सांगितलं दीक्षा ओव्हाळ या मुलीने.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आता प्रोजेक्ट सक्तीचा झाला आहे. बरीच मुलं आदल्या वर्षीचा रिपोर्ट समोर ठेवून काहीतरी जुळवतात, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही आळस असतोच. दीक्षा तशी नव्हती. तिचे वडील दुचाकीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त झालेत. घरात केमिस्ट्री शिकणारी ही पहिलीच. तिच्या डोक्यात आलं की चाकणच्या आसपासच्या गावांत अजून जुन्या विहिरी वापरात आहेत, भोवताली कारखाने उभे राहिलेत, तर त्या पाण्यात नेमकं काय आहे हे बघावं. तिच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्सचा अजिंक्य आला. त्याची कल्पना अशी की नकाशावर प्रत्येक विहिरीचा ठिपका असावा, ठिपक्याला बोट लावलं की पाण्याचे आकडे दिसावेत आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात ती विहीर कुणी खणली, कधी आटली, कधी भरली हे ऐकू यावं. ते बोलणं लिहून काढायचं काम मुलं करणार आणि तपासायचं मी. पाण्याची बाजू अंजली मॅडमकडे. त्या केमिस्ट्री विभागाच्या प्रमुख.

दीक्षाने एके दिवशी कुसुमताईंना समोर बसवून हे सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "मावशी, सतरा विहिरींचं पाणी आणायचंय. बाटल्या अगदी स्वच्छ हव्यात. त्यात आधीचं काही राहिलं, तर आमचं सगळं चुकेल."

कुसुमताईंनी ते काम देवाघरचं असल्यासारखं केलं. साध्या साबणाने भागलं असतं, पण त्यांना अण्णासाहेबांनी शिकवलेली सगळ्यात वरची धुलाई आठवली. लॅबच्या मागच्या कपाटात एका जाड बाटलीत गडद नारिंगी रंगाचं जहाल आम्ल असतं. लॅबमध्ये त्याला नुसतं 'क्रोमिक' म्हणतात. ब्रशने न निघणारा डाग त्याने निघतो. फार धोक्याचं, म्हणून वर्षातून एखाद वेळीच काढतात. कुसुमताईंनी कुणाला न सांगता हातमोजे घालून चौदा काचेच्या बाटल्या त्यात बुडवून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी काढल्या आणि सात-सात पाण्यांनी विसळल्या. काचेवरून पाणी असं उतरत होतं की त्यांनाच बघत राहावंसं वाटलं. चौदातल्या दोन बाटल्यांची झाकणं सापडेनात, म्हणून त्या कपाटात राहिल्या. उरलेल्या बारांवर त्यांनी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून एक ते बारा आकडे घातले. कमी पडल्या तेव्हा दीक्षाने पाच नव्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या. त्यांवर तेरा ते सतरा.

मुलं तीन रविवार स्कूटरवरून फिरली. सुरुवात केली ती चाकणच्या अलीकडच्या एका प्लेटिंगच्या वर्कशॉपजवळून, कारण धातूच्या भागांवर चकाकता मुलामा चढवण्याच्या त्या कामात क्रोमियम वापरतात आणि ते पाण्यात उतरलं तर विषारी. तिथून बाहेर बाहेर सरकत लांबच्या विहिरी शेवटच्या रविवारी घेतल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासणी झाली. पाण्यात एक द्रव्य घालायचं. क्रोमियम असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं, नसेल तर तसंच राहतं. एक नंबरचं पाणी गुलाबी झालं. दोन नंबरचं झालं. असं करत बारापर्यंत सगळं पाणी गुलाबी झालं, कुठे फिकं, कुठे गडद. तेरा ते सतरा मात्र स्वच्छ. अजिंक्यने आकडे नकाशावर चढवले आणि आम्ही सगळे स्क्रीनभोवती जमलो. वर्कशॉपच्या भोवती बारा लाल ठिपके, आणि लांब कडेला पाच हिरवे. इतकं सरळ उत्तर मी तरी कुठल्या प्रोजेक्टमध्ये पाहिलं नव्हतं. अंजली मॅडम म्हणाल्या की हे नुसतं स्पर्धेत मांडून चालणार नाही, प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयाला कळवलं पाहिजे. दीक्षाने बारा घरी फोन करून विहिरीचं पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका, असं सांगितलं. येत्या सोमवारी तक्रार द्यायची आणि त्याच दिवशी नकाशा सगळ्यांसाठी खुला करायचा असं ठरलं. घाई करणाऱ्यांत मीही होते. मराठीच्या बाईंनी केलेलं काम पहिल्यांदाच एवढ्या लोकांपुढे जाणार होतं.

हे चाललं होतं तेव्हा कुसुमताई मागे उभ्या राहून बाक पुसत होत्या. नकाशामागच्या उपग्रहाच्या फोटोत निळं छप्पर दिसलं, शेजारी पाण्याची उंच टाकी, वळणावरचं देऊळ. त्यांचा हात थांबला. त्या वर्कशॉपात त्यांचे यजमान चिमाजी एकोणीस वर्षं कामाला होते.

आणि काम तरी कुठलं? तिथलं घाण पाणी ज्या टाकीत साठतं ती टाकी सांभाळायचं. पिवळ्या पाण्यात पावडर टाकायची, ते हिरवट झालं की चुना घालून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी तपासायचं आणि मगच पुढे सोडायचं. म्हणजे बारा विहिरी जर त्या वर्कशॉपने नासवल्या असतील, तर त्या चिमाजींच्या हाताखालून नासल्या होत्या.

कुसुमताई त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चिमाजी रात्रपाळीला निघण्याआधी चहा घेऊन बसले, तेव्हा कुसुमताईंनी विचारलं की टाकीतलं पाणी कधी न तपासता सोडलं होतं का. चिमाजींनी का म्हणून विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं.

चिमाजी मितभाषी माणूस. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मालक सोड म्हणाला तरी मी सोडलेलं नाही. दोनदा त्याच्याशी भांडलोय. तुला म्हाईत आहे."

कुसुमताईंना ते माहीत होतं. एकदा तर त्या भांडणापायी चिमाजींना चार दिवस घरी बसवलं होतं. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बाटलीतलं पाणी गुलाबी झालेलं पाहिलं होतं. त्या नंतर मला म्हणाल्या, "मॅडम, मी त्यांना काहीच बोलले नाही बघा. 'माझा विश्वास आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तोंडातून निघेना. त्यांना कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजींनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत टाकीचं सोडायच्या वेळचं पाणी भरून आणलं आणि ओट्यावर ठेवलं. तुमच्या लॅबमध्ये तपासून घे, एवढंच म्हणून ते झोपायला गेले. कुसुमताईंनी ती बाटली पिशवीत घातली, कॉलेजात आणली आणि दिवसभर तशीच पिशवीत ठेवली. तपासा म्हणून सांगायचं कुणाला आणि कशासाठी म्हणून सांगायचं? गुलाबी झालं तर पुढे काय, हाही विचार होताच.

शुक्रवारी सकाळी त्या रॅकवरच्या बाटल्या आवरत होत्या. वरच्या फळीवर एक ते बारा, खालच्या फळीवर तेरा ते सतरा. आकडे त्यांनीच घातलेले, त्यांच्याच अक्षरातले. सगळे आठवडाभर तेच बोलत होते, एक ते बारा खराब, तेरापासून चांगल्या. आता त्या फडकं हातात घेऊन बघतात तर खराब त्या सगळ्या काचेच्या आणि चांगल्या त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या. विहिरी कुठल्याही असोत, गुलाबी पाणी फक्त त्यांनी धुतलेल्या बाटल्यांतून आलं होतं.

त्यांनी मागचं कपाट उघडून ती जाड बाटली बघितली. अण्णासाहेबांच्या हातची चिठ्ठी अजून चिकटलेली होती: क्रोमिक.

डब्याच्या वेळी त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, क्रोमिक आणि क्रोमियम एकच असतंय का?" मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही. मी भाषेच्या बाईसारखंच उत्तर दिलं, की एकाच घरातले शब्द दिसतात. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मला वाटलं, ॲसिडिटी झाली असेल.

त्या संध्याकाळबद्दल त्यांनी मला जे सांगितलं ते मला अजून आठवतं. आधी त्यांना एकदम हलकं वाटलं, कारण चिमाजी सुटत होते. बसमध्ये भोसरीपर्यंत त्या हलकेपणातच होत्या. मग वाटलं की हे आपण नवऱ्यासाठी तर जुळवत नाही ना? उद्या आपण मॅडमना सांगितलं आणि नवरा कुठे काम करतो ते बाहेर आलं, तर लोक हेच म्हणतील. आणि खरं निघालं तरी दोष कुणाचा? पोरीने अगदी स्वच्छ बाटल्या मागितल्या होत्या आणि आपण त्यात विष माखून दिलं. तिची दोन महिन्यांची मेहनत गेली. गप्प बसावं तर सोमवारी वर्कशॉपला कुलूप लागणार, चाळीस माणसं घरी बसणार. दिघीच्या स्टॉपवर उतरल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. चिमाजींना मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. आधी खरं काय ते कळू दे, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी मी अजिंक्यबरोबर लॅबमध्येच होते, सोमवारची तयारी चालली होती. दीक्षा आणि अंजली मॅडम पोस्टरवरचे तक्ते बघत होत्या. कुसुमताई आल्या त्या कपाटातल्या बिनझाकणाच्या दोन बाटल्या घेऊनच. त्या बाकावर ठेवल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"मॅडम, त्या बारा बाटल्या मी क्रोमिकनं धुतल्या होत्या. दीक्षानं स्वच्छ पाहिजेत म्हणून सांगितलं, म्हणून. मी कुणाला विचारलं नाही."

अंजली मॅडमच्या हातातला कागद तसाच राहिला. दीक्षाला समजायला क्षणभर लागला आणि मग तिचा चेहरा उतरला.

कुसुमताई थांबल्या नाहीत. "अजून एक आहे. आमचे हे त्याच वर्कशॉपात आहेत. पाण्याची टाकी तेच बघतात. म्हणून माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. या दोन बाटल्या त्याच दिवशी, तशाच धुतलेल्या आहेत, विहिरीला गेलेल्या नाहीत. यात तुमचं शुद्ध पाणी घालून बघा."

मी तेवीस वर्षं शिकवतेय. स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा, असं स्वतःहून सांगणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

मॅडमनी दोन्ही बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ज्यात कशाचाही अंश नसतो असं पाणी, भरलं. तोंडं झाकून दोन तास ठेवायचं ठरलं. ते दोन तास फार लांबले. अजिंक्य उगाच नकाशा लहानमोठा करत राहिला. दीक्षा खिडकीशी जाऊन उभी राहिली. कुसुमताईंनी दोनदा कोरडं बाक पुसलं. मध्येच त्यांनी पिशवीतली सरबताची बाटली काढली आणि ती कुठून आली हे सांगून बाटल्यांच्या शेजारी ठेवली.

दोन तासांनी दीक्षानेच तपासणी केली. प्रत्येक थेंब तिने मोजून घातला. पहिल्या बाटलीतलं शुद्ध पाणी गुलाबी झालं. दुसरीतलंही झालं. चिमाजींनी आणलेलं पाणी तसंच राहिलं, जराही रंग नाही.

अंजली मॅडम स्टुलावर बसल्या. काचेला क्रोमियम चिकटून राहतं, सात पाण्यांनीही सगळं जात नाही, आणि क्रोमियम तपासायचं असेल तेव्हा त्या आम्लाला हातही लावायचा नसतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. दीक्षाने तपासणीच्या वेळी शुद्ध पाणी वेगळं तपासलं होतं, पण ते थेट परीक्षानळीत घेतलं होतं, त्या बाटल्यांतून नाही. म्हणून चूक पकडली गेली नाही. "हे तिला मी सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि बाटल्या कशाने धुवायच्या हे तुम्हालाही मी सांगायला हवं होतं, कुसुमताई. ही चूक तुमची नाही."

कुसुमताई दीक्षाकडे बघण्याचं टाळत होत्या. मुलगी आता रडणार असं मला वाटलं, आणि ती थोडी रडलीही. मग ओढणीने डोळे पुसून तिने जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

"मावशी, उद्या रविवार आहे. आमच्याबरोबर येता का? परत सगळं पाणी आणू या."

रविवारी सकाळी सात वाजता मुलं, कुसुमताई आणि मी अशी चार माणसं एका रिक्षात बसून निघालो. बरोबर सतरा नव्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. या खेपेला फक्त पाणी घ्यायचं होतं, कुणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं नव्हतं, म्हणून सगळं एका दिवसात उरकणार होतं. कुसुमताईंनी इतकी वर्षं जी भांडी धुतली ती जिथे जातात ती जागा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. प्रत्येक विहिरीवर त्या थोडं वाकून आत बघत. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची, हे त्या स्वतः करत होत्या, मुलांना करू देत नव्हत्या.

चौथी विहीर सरूबाईंची. सरूबाई ऐंशीच्या पुढच्या. पहिल्या खेपेला अजिंक्यने त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. दीक्षाचा फोन आल्यापासून त्यांच्या घरचे लांबच्या नळावरून पाणी आणत होते आणि दोन म्हशींना टँकरचं पाणी दाखवत होते. म्हातारी दीक्षावर चिडली होती.

"माझ्या सासऱ्यानं खणलेली हीर हाय ती," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं आमी हेच पाणी प्यालो. तू एक फोन केलास आन् घरात सगळी घाबरली. म्हसरं त्या टँकरच्या पाण्याला तोंड लावीत न्हाईत."

दीक्षा मान खाली घालून उभी राहिली. मग कुसुमताई पुढे झाल्या. चूक आपल्याकडून झाली असावी, बाटली नासलेली होती, पाणी नाही, पण उद्यापर्यंत नक्की सांगता येणार नाही, तोवर थांबा, असं त्यांनी सांगितलं. सरूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, कुठली तू म्हणून विचारलं, लातूरकडची कळल्यावर लांबून आलीस म्हणाल्या, आणि मग स्वतःच सुनेला हाक मारून पोहरा आणायला लावला.

सोमवारी सकाळी तक्रार गेली नाही आणि नकाशाही खुला झाला नाही. लॅबचं दार लावून आम्ही सगळे पुन्हा त्या बाकाभोवती उभे होतो. एक नंबर, रंग नाही. दोन नंबर, रंग नाही. तीन. चार. सरूबाईंच्या पाण्यापाशी दीक्षा थोडी जास्त थांबली, नळी पांढऱ्या कागदावर धरून बघितली. काहीच नाही. बारा नंबर झाल्यावर अजिंक्यने खुर्ची ओढली आणि तो मटकन बसला. तेरा ते सतरा तपासेपर्यंत मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. एवढी मोठी शोधाशोध करून काहीही सापडू नये, आणि तरी सगळ्यांना सणाचा दिवस वाटावा, असं मी एकदाच पाहिलं. मॅडमनी सावधगिरी म्हणून पाच विहिरींचं पाणी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवलं. आठ दिवसांनी त्यांचंही उत्तर तेच आलं.

दीक्षाने तिथल्या तिथे बारा घरी फोन लावले. सरूबाईंच्या सुनेने फोन त्यांच्या कानाला लावला. दीक्षा सांगत होती आणि पलीकडून 'व्हय, व्हय' एवढंच ऐकू येत होतं. शेवटी म्हातारीने विचारलं, मग आता म्हसरांना पाजू का? पाजा म्हणून सांगितल्यावर तिने पुढचं काही ऐकून घेतलं नाही, फोन सुनेच्या हातात दिला आणि निघून गेली.

कुसुमताई त्या दिवशी लवकर घरी गेल्या. चिमाजी पहिली शिफ्ट करून आलेले होते, बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसले होते. कुसुमताईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं, की तुमचं पाणी चांगलं निघालं, विहिरीही चांगल्या निघाल्या, चूक माझ्या बाटल्यांची होती. चिमाजींनी मान हलवली. मग कुसुमताईंनी इतके दिवस राहिलेलं बोलून टाकलं.

"मी तुमच्यावर संशय घेतला. घ्यायला नको होता."

चिमाजींनी पाय जवळ घेऊन त्यांना बसायला जागा केली. मग म्हणाले, "घ्यायलाच पाहिजे होता. पाणी पिणारी माणसं आहेत ती. मीही रोज टाकीवर संशय घेतो, म्हणून तर तपासतो." आणि पुढे म्हणाले की भूक लागलीय. कुसुमताई सांगतात, त्या दिवशी त्यांनी पिठलं केलं आणि दोघांनी एकाच ताटात खाल्लं, लग्न झालं तेव्हा नवीन नवीन खायचे तसं.

प्रोजेक्टचं काय झालं ते सांगायला हवं. क्रोमियमचं प्रकरण गेलं, पण तेच नवं पाणी मुलांनी बाकी गोष्टींसाठीही तपासलं. दोन विहिरींत नायट्रेट जास्त सापडलं. त्यांच्या अगदी जवळ संडासाचे शोषखड्डे होते. ते पाणी लहान मुलांना देऊ नये असं त्या दोन घरांना आणि ग्रामपंचायतीला रीतसर लिहून कळवलं. यावेळी आधी तीनदा तपासून. मार्चअखेरीस नकाशा खुला झाला. पंधरा ठिपके हिरवे, दोन पिवळे. सरूबाईंचा आवाज सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलाय. दुष्काळात गावाने त्यांच्या विहिरीवर रांग कशी लावली होती ते त्यात त्या सांगतात आणि मध्येच कुणालातरी चुलीवरचं दूध बघायला सांगतात. ते दुधाचं वाक्य काढून टाकावं असं अजिंक्यचं म्हणणं होतं. मी राहू दिलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ताथवड्याला झाली. दीक्षाने पोस्टरचा अर्धा भाग पहिल्या चुकीला दिला होता: आम्हाला काय दिसलं, आम्ही कशावर विश्वास ठेवला, चूक कुठे होती आणि ती कुणी पकडली. तिथे कुसुमताईंचं नाव होतं, हुद्द्यासकट. मुलांना बक्षीस मिळालं नाही. पण एक वयस्क परीक्षक तिथे पंधरा मिनिटं उभे राहिले. त्यांनी दीक्षाला विचारलं की या बाई आल्यात का. नाही म्हटल्यावर त्यांनी त्या भागाचा फोटो काढून घेतला. आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायचाय, म्हणाले. दीक्षाने लगेच बाहेर येऊन लॅबमध्ये फोन केला आणि हे सांगितलं. फोन कुसुमताईंनीच उचलला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

दीक्षा आता एमएस्सीला आहे. अजिंक्य नोकरीला लागला, पण नकाशा अजून तोच सांभाळतो. अंजली मॅडमनी ते नारिंगी आम्ल रीतसर नष्ट करवून घेतलं. नव्या वर्षात तिसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये आली की कुसुमताई त्यांना लगेच बाटल्या देत नाहीत. आधी स्टूल पुढे ओढतात आणि नेमकं काय शोधायचंय ते सांगा म्हणतात. परवा एक मुलगी शेवाळावर काम करायचं म्हणून आली होती. तिला वाटलं, या मावशी उगाच चौकशी करतायत. पाच मिनिटांनी मी तिथून गेले तेव्हा ती वही उघडून त्यांना चित्र काढून दाखवत होती, आणि कुसुमताई चष्मा लावून, काच पुसायचं फडकं मांडीवर ठेवून, एक एक गोष्ट परत विचारत होत्या.